पायरीवर आलेलं कासव

साहेब, आमच्या विहिरीच्या वरल्या अंगाला शौचाचे चर तुम्ही खणायला लावलेत. पुढं जी माणसं मेली, ती तुम्ही मारलीत.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं कासव आहे. आटपाडीकडच्या माळावर एक पायविहीर आहे, तिच्यात माझं आयुष्य गेलं. गावातल्या जाणत्या आकारामबाबांनी मला ओढ्यातून पाटीत घालून आणलं आणि मासळीसोबत पाण्यात सोडलं. पिण्याच्या विहिरीत आमच्याकडं तशी रीतच होती. पाणी नासलं तर ते आम्हाला आधी कळतं. बाबा म्हणायचे, "कासव पाण्यात हाय, तवर बिनघोर प्या." बाबा गेले. रीत राहिली, तिचा अर्थ मात्र त्यांच्याबरोबर गेला.

मग लढाई आली, दुष्काळ आला. माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं; त्यावरचे साहेब तुम्ही, आणि मजुरांसाठी ते चर तुम्हीच खणवलेत. हरणाबाई त्या कामावर होती. तिचा नवरा केरबा पलटणीत. तान्ह्या अंबूचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. हरणाबाई रोज मला भाकरीचा तुकडा टाकायची.

एकदा वळवाची सर आली आणि चरातली घाण झिरपत आमच्या झऱ्यात उतरली. मासे वर येऊन तोंडं वासू लागले. माझे डोळे झोंबले. मी पाणी सोडून पायरीवर जाऊन बसले. साहेब, याहून मोठ्यानं मला ओरडता येत नव्हतं.

"आगं बया, द्येव वर आला!" पाण्याला आलेली मनुबाई ओरडली. "आता दुष्काळ हटला!"

"व्हय, आता तुजी सासूबी हसंल," खडी फोडणारा गुंडा म्हणाला.

सगळे हसले. माझ्या पाठीवर हळद-कुंकू पडलं. त्याच पाण्याचं तीर्थ झालं. हरणाबाईनं बोट बुडवून अंबूच्या तोंडात दिलं. "पी गं माजे बाय. बाप सुखरूप येऊ दे."

तुम्ही तिथंच होता, साहेब. गुंडा म्हणाला, "सायेब, तीर्थ घ्या की!" तुम्ही नुसते हसलात आणि गाडीवरच्या आपल्या पिंपातलं पाणी प्यालात.

पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. आधी अंबू गेली. मग मनुबाई. मग गुंडा. त्यानंतर विहिरीत टाकायचं तुमचं लाल औषध आलं, पाणी जांभळं झालं, पण प्यायला माणसंच कमी उरली होती. उरलेल्यांनी मला अवदसा म्हणून धोंडे मारले.

विहीर ओस पडली. तरी भर दुपारी घागर बुडल्याचा आवाज येई. गुंडाचं हसू येई. कुणीतरी बोट चोखतंय असं वाटे. मी वर जाऊन पाही, तर पायरी कोरडी.

यंदा तुमचं नवं काम निघालं, नवी विहीर झाली. हरणाबाई आली. केरबा रजेवर येऊन गेला होता, तिला दिवस गेलेत. माझ्या फुटक्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तुला तवा कळलं हुतं, व्हय रं? मलाच कळलं न्हाई. चल." तिनं मला पाटीतून नेऊन नव्या विहिरीत सोडलं.

मित्रांनो, पाण्यातला जीव पाणी सोडून वर आला तर त्याच्या पाया पडू नका. आधी घागर खाली ठेवा.

साहेब, आज मी या नव्या विहिरीचंही पाणी सोडून पुन्हा पायरीवर आले आहे. हरणाबाई हात पसरून वाट अडवून उभी आहे. "सर की गं बाजूला, येडी झालीस का?" म्हणून बायका तिला ढकलतायत. ती एकटी किती वेळ अडवणार?

या खेपेला चर कुठं खणलेत? बोला.