मिनी

फीगा ही यॉर्कशायर टेरियर जातीची कुत्री दर रविवारी दुपारी वेडी व्हायची. गोल गोल फिरायची, लाळ गाळायची, भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. आधीच्या डॉक्टरने फेफरं ठरवून गोळ्या सुरू केल्या. रविवारी ती काय खाते, हे विचारायची तसदी त्या विद्वानाने घेतली नाही. इथे पोलंडमधल्या लुब्लिनमध्ये रविवारी घरोघरी कोंबडीचं सूप होतं आणि त्यातलं मांस कुत्र्यालाही मिळतं.

तिच्या मालकाला, गुस्तावकाकांना, मी बजावलं, "उपाशी आणा. आधी रक्त, मग खाणं, दोन तासांनी पुन्हा रक्त."

"सकाळी एकच चमचा दिला हो, डॉक्टरीणबाई. बघत होती माझ्याकडे."

"मग आता तुम्हीच झोपा टेबलावर!"

दुसऱ्या दिवशी तपासणी नीट झाली. खाण्यानंतरचं पित्ताम्ल नेहमीच्या दहापट, म्हणजे यकृत रक्त गाळतच नव्हतं. सोनोग्राफीत कारण दिसलं: आतड्यांकडचं रक्त यकृताला बगल देऊन एका जन्मजात आडवाटेने मोठ्या शिरेत शिरत होतं. मांसाचं विष न गाळता मेंदूत. महिनाभर पथ्य आणि औषध, मग त्या आडवाटेवर कडी बसवायची. कडी हळूहळू फुगते, वाट हळूहळू बंद होते. एकदम बंद केली तर कुत्री मरते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काकांना फीगा विकणारी, कुत्र्यांची पैदास करणारी ओतिलियाबाई येऊन थडकली.

"माझ्याकडे असले रोग नाहीत. ती मिनी आहे, मुद्दाम लहान चणीची!"

"यकृताला रक्त मिळालं नाही म्हणून वाढ खुंटली, बाई. तुम्ही रोगाला रिबीन बांधून विकलंत."

तिने करार आपटला. पहिल्या विणीची पिल्लं विकणाऱ्याची. ही पैदासवाल्यांची जुनी रीत: कुत्री विकायची, गर्भाशय ठेवून घ्यायचं. "कडी बसवा. पिशवीला हात लावायचा नाही."

करारावर काकांची सही होती. चाळीस वर्षं ट्राम हाकलेला, नियमाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस. मला वाटलं, हा नमणार.

"पिल्लांत उतरतं हे?" त्यांनी मला विचारलं.

"उतरू शकतं."

"पोट उघडणारच आहात, तर गर्भाशयही काढा."

"म्हाताऱ्या, श्वानक्लबात तक्रार करीन!"

"कर की. शब्द चुकले तर मला विचार."

दोन्ही कामं एकाच वेळी केली. तीन दिवस झटक्यांच्या भीतीने काका पिंजऱ्यापाशी बसून होते. चौथ्या दिवशी फीगाने त्यांचा अंगठा चावला. चार महिन्यांनी रक्त स्वच्छ आलं.

तक्रार झाली, काकांना क्लबाने समज दिली. ओतिलियाबाईला कुणी काही विचारलं नाही. तिच्याकडे फीगाची आई पुन्हा व्यायलीय, आणि सगळ्यात लहान पिल्लासाठी गिऱ्हाइकं भांडताहेत.