तेरा पॉइंट

"माझा अर्ज एकट्याचा भर, मॅरिट. मला कुणाबरोबर जोडू नकोस," वर्लिन म्हणाला होता.

"हो बाबा, कळलं," म्हणत मॅरिटने आठ महिन्यांच्या इंगाच्या हनुवटीवर ओघळलेलं रताळं पुसलं, आणि बापाचं बोलणंही त्याच फडक्याने पुसून टाकलं.

ही मे महिन्यातली गोष्ट. वायोमिंगच्या कुरंगांच्या, म्हणजे तिथल्या माळावरच्या हरणांच्या, शिकारीसाठी मिनेसोटातून अर्ज करणाऱ्याला घाई करून चालत नाही. परराज्यातल्यांना टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, मोजकेच, आणि वर्लिनला हवा होता त्या जुन्या खाणीकडच्या भागातले तर बोटांवर मोजण्याइतके. दरवर्षी सोडतीत भाग घ्यायचा, नंबर लागला नाही की एक पॉइंट पदरात पाडून घ्यायचा. ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. वर्लिनने तेरा वर्षं एकही अर्ज चुकवला नव्हता. बायको गेली त्या वर्षीसुद्धा, अंत्यविधीहून परतताना त्याने अर्जाचं पाकीट टपालात टाकलं होतं. आता सगळं संगणकावर आलं, म्हणून काम मॅरिटकडे.

पण या वर्षी त्याच्या नाकात प्राणवायूची नळी होती. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात धूळ ओढून फुप्फुसं दगड झाली होती. "येता हिवाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले होते.

अर्ज भरताना मॅरिटच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. दहा तासांचा रस्ता, उघडं माळरान, चिटपाखरू नाही, आणि बाबा आडवा पडलेला. इंगा रात्री जरा जास्त वेळ शांत झोपली तरी तिच्या नाकाशी बोट धरून बघणारी बाई ही. पानावर 'गटाने अर्ज' असा चौकोन दिसला. तिने त्यात नवऱ्याचं, कर्टचं नाव घातलं. मिळाला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही, एवढं तिने वाचलं. तिला ते बरंच वाटलं. गेलाच तर कर्ट बरोबर असेल. आणि खरं सांगायचं तर 'कुणालाच नाही' याचीही तिला फारशी धास्ती वाटली नाही.

त्याखालची ओळ मात्र तिने वाचली नाही. औषधाच्या खोक्यातला कागद तीनतीनदा वाचणाऱ्या मॅरिटने.

जूनमध्ये निकाल लागला. दोन्ही नावांपुढे 'नाही'. मग तिने ती ओळ वाचली: गटाचे पॉइंट म्हणजे सगळ्यांची सरासरी. मागच्या वर्षीचा तक्ता काढला. बारा पॉइंटवाल्यांना सगळ्यांना टॅग मिळाला होता. सातवाल्यांतल्या एकालाही नाही.

ती इंगाला कडेवर घेऊन बाबाच्या घरी गेली. तो ओट्याशी बसून बुटांना तेल चोळत होता. नवीन नाड्याही आणल्या होत्या.

"बाबा, नंबर नाही लागला."

"लागला असेल. नीट बघ. चष्मा पुस."

"मी कर्टला तुझ्याबरोबर घातलं होतं. गटात."

वर्लिनचा हात थांबला. "कर्टचे किती होते?"

"शून्य."

"म्हणजे साडेसहा." त्याने बुटावर झाकण ठेवावं तसं फडकं ठेवलं. नळीतून वारा फुसफुसत राहिला. "चार वर्षं कॉलेजात घातलीस. तिथे भागाकार नसतो वाटतं?"

"तुला एकट्याला कसं पाठवणार होते मी?"

"पाठवणारी तू कोण? मी जाणार होतो." मग बूट बाजूला सारून, "कॉफी घेतेस? लिंबाचा केकही आहे. शेजारच्या अर्डिसने दिलाय. माती खाल्ल्यासारखा लागतो, पण आहे."

"बाबा, ओरड तरी माझ्यावर."

"त्याला श्वास लागतो, पोरी."

सोडतीत उरलेल्या टॅगची यादी निघाली होती, तीही तिने आणून दाखवली. त्याने बघितलीही नाही. "ते सगळे खाजगी कुरणातले. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन परवानगीसाठी टोपी काढायची, आणि मग त्याच्या पायऱ्यांवरच बसून राहायचं दम खात. नको." इंगाच्या पायाचा अंगठा त्याने हळूच ओढला. "पुढच्या वर्षी चौदा होतील."

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. अर्डिसचा केक खरोखरच मातीसारखा होता. मॅरिटने दोन तुकडे खाल्ले.

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. तब्येतीचं विचारलं तर बाबा "वाईट नाही" म्हणायचा. सप्टेंबरात जिना चढणं बंद झालं, आणि त्याने पलंग खाली आणवला. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी मॅरिट त्याचं सूप घेऊन गेली, तर दार नुसतं लोटलेलं. बशी धुऊन उपडी घातलेली. बंदूक भिंतीवर जागच्या जागी. दुर्बीण नव्हती, बूट नव्हते, गाडी नव्हती. फोन खिडकीत वाजत होता. बाबाला फोन ती स्वतःच लावत होती.

प्राणवायूची तीन छोटी नळकांडी गेली होती. एक चार तास पुरतं. तिने बारा तास मोजले, त्यातून रस्त्याचे दहा वजा केले, आणि खुर्चीत बसली.

कर्ट शेतात, सोयाबीनच्या कापणीवर, फोन उचलत नव्हता. इंगाला एकशे दोन ताप. वायोमिंगच्या पोलिसांनी नाव लिहून घेतलं, तालुक्याएवढं मोठं रान आणि दोन माणसं, म्हणाले. मग तिने शिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर, जिथे लोक या मोसमात कुरंग कुठे दिसले ते कळवतात, एका हाताने लिहिलं:

"त्या भागात आज कुणी असाल तर वाचा. कोरड्या ओढ्याच्या पुलापासून उत्तरेला, जुन्या खाणीच्या रस्त्यावर, पांढरी पिकअप, मिनेसोटाची पाटी. आत माझे वडील असतील, वय एकाहत्तर. त्यांच्याकडे टॅग नाही, बंदूकही नाही, ते फक्त बघायला आलेत. त्यांची तक्रार करू नका. काच वाजवा. ते म्हणतील, सगळं ठीक आहे. ते ऐकून निघून जाऊ नका. प्राणवायूच्या नळकांड्याचा काटा बघा आणि मला सांगा. काहीही असलं तरी सांगा."