चमच्याचे ठोके

"कुठंय बघू," म्हणत रेडिएटरवाला दादा टाकीवर वाकला.

टाकीत गिऱ्हाइकाच्या गाडीचा जुना रेडिएटर बुडवलेला होता. दोन्ही तोंडांना रबरी बुचं, त्यातल्या एका बुचातून आत गेलेला हवेचा पाइप. पाणी गढूळ, त्यावर तेलाचा तवंग. शेजारी पालथ्या बादलीवर दादाची बायको बसली होती. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. तिनं हातातल्या चहात चमचा फिरवला. टण, टण, टण, टण. जराशी थांबली. मग पुन्हा टण, टण.

"चौथी नळी," दादा म्हणाला. "वरून दोन बोटं."

गिऱ्हाईक गुडघ्यावर बसलं. डोळे बारीक करून बघितलं, तर खरंच चौथ्या नळीवर, वरून दोन बोटांवर, बुडबुड्यांचा धागा वर येत होता.

"कमाल आहे काका! मला तर वाकूनसुद्धा सापडत नव्हतं."

"चाळीस वर्षं हेच बघतोय साहेब," दादा म्हणाला. त्यातलं 'बघतोय' सोडलं तर बाकीचं सगळं खरं होतं.

दादाचे डोळे तीन वर्षांपूर्वी जायला लागले. कडेनं नाही, मधोमध. बाजूचं दिसायचं. भिंत, दार, आत येणारा माणूस, सगळं कळायचं. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं धुरात जायचं. आहे तेवढं राहिलं तरी नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना वाटेत दादा एवढंच बोलला, "कुणाजवळ बोलायचं नाही." दुसऱ्या दिवशी वहिनीनं टाकीशेजारी बादली पालथी घातली आणि बुचं निवडायला बसली. निवडण्यासारखी बुचं काही तिथं नव्हती.

आधी ती हळूच बोलून सांगायची. मग एक गिऱ्हाईक हसलं, "काका, दुकान काकूच चालवतात वाटतं!" त्या दिवसापासून चहाचा ग्लास आला. पहिले ठोके कितवी नळी ते सांगायचे, नंतरचे वरून किती बोटं ते. चमचा नुसता गोल घरघरत फिरला, की बुडबुडे नाहीत, काम चोख. दिवसाकाठी आठ-दहा ग्लास चहा तिच्या हातात गार व्हायचा. तीन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, आणि एकदाही दादानं तिला 'बरं सांगितलंस' म्हटलं नव्हतं. चुकली असती तर मात्र काय म्हणाला असता ते तिला पाठ होतं. "डोळे आहेत की बटणं?"

हा प्रश्न दादा सगळ्यांना विचारायचा. सगळ्यात जास्त विचारला तो धाकट्या भावाला.

धाकटा आत्ता समोरच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर जाड घड्याळ. चौदाव्या वर्षी तो या टाकीवर उभा राहिला होता. एकदा त्याच्याकडून एक बारीक बुडबुडा सुटला आणि तो रेडिएटर गिऱ्हाइकाकडून परत आला. दादानं त्याची मान धरली आणि तोंड टाकीत बुचकळलं. "आता जवळून बघ." वहिनी तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेली. तिनं दाराआडून बघितलं आणि आत जाऊन काहीतरी उगाच उलथंपालथं करत बसली. पुढे धाकट्यानं मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान टाकलं. तिथं शर्यतीच्या गाड्यांचं सामान मिळतं आणि हात काळे होत नाहीत.

आजचं गिऱ्हाईकही त्याचंच. गाडी टेम्पोनं ओढून आणून दारात उभी केली होती. लाल, जमिनीला टेकलेली. तिच्यातून उतरायचं म्हणजे विहिरीतून वर आल्यासारखं. मागच्या रविवारी शर्यतीत सहाव्या फेरीला तिनं वाफ सोडली आणि मालकाला ढकलत न्यावी लागली. आता नवा रेडिएटर घ्यायचा होता. धाकट्यानं ॲल्युमिनियमचे दोन दाखवले होते, एक जाड, एक पातळ. जाडच घ्या, जाड म्हणजे जास्त गार, असं त्यानं तीनदा सांगितलं होतं. पण या गाडीमालकाच्या वडिलांची गाडी दादानं सांभाळली होती. तो म्हणाला, काकांनी टाकीत बुडवून हो म्हटलं तरच बसवीन. म्हणून दोन खोकी घेऊन धाकटा आठ वर्षांनी या दुकानात आला होता. येताना कोपऱ्यावरून चार चहाही घेऊन आला. "माझा बिनसाखरेचा हो," वहिनी म्हणाली होती. "ठाऊक आहे वहिनी, तुमचा मधुमेह मी विसरेन का?"

दादानं जाड रेडिएटर मांडीवर घेतला. अंगठ्याचं नख जाळीवरून ओढलं. बारीक, चिरका आवाज आला. मग पातळ. त्याचा आवाज जाडसर होता. मग उठून, हात पुढे करत, तो गाडीपाशी गेला. गाडीच्या नाकातल्या फटीत हात घातला, विती मोजल्या, आत पंख्यापर्यंत बोटं नेली.

"पातळ घ्या," तो म्हणाला.

"काय सांगतोस दादा!" धाकटा हसला. "जाडात नळ्यांच्या दोन रांगा आहेत. पातळात एकच."

"असू दे. या गाडीला तोंडच केवढं, दीड वीत. आत येणारा वारा थोडा. जाळी इतकी घट्ट आणि वर जाड, तो शिरणार कुठून? पुढच्या रांगेनं तापवलेली हवाच मागच्या रांगेला मिळणार." तो गिऱ्हाइकाकडे वळला. "आणि साहेब, रेडिएटरच्या दोन्ही अंगांना फटी आहेत. वारा तिथून पळतो. पत्रा लावून त्या बंद करा. निम्मं काम तिथंच होईल."

गिऱ्हाइकाचा चेहरा खुलला. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"कोण सांगणार? याला मी वीस वर्षं टाकीवर उभा केला." दादानं धाकट्याच्या दिशेनं मान उडवली. "समोर फट दिसत नाही. डोळे आहेत की बटणं?"

गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. त्याला दोष देता येणार नाही, वाक्य विनोदीच होतं. धाकटाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. चाळिशीतल्या माणसाचे कान लाल झालेले वहिनीनं पहिल्यांदाच बघितले. चौदाव्या वर्षी टाकीतून डोकं वर काढल्यावर ते तसेच झाले होते.

"बरं. निदान जाड बुडवून तरी बघ," धाकटा म्हणाला. "आणलाय एवढा."

जुना बाहेर काढून जाड बुडवला. हवा सोडली. वहिनीनं चमचा गोल फिरवला, नुसती घरघर.

"चोख आहे," दादा म्हणाला. "पण या गाडीचा नाही."

धाकटा आता टाकीकडे बघत नव्हता. तो वहिनीच्या ग्लासाकडे बघत होता. बराच वेळ. मग रेडिएटर उपसून त्यानं खुंटीला लावला, पाइप सोडवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसून, दादाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला.

"वहिनी, चहा बिनसाखरेचा ना?"

"हो."

"मग मघापासून काय ढवळताय?"

त्यानं तिच्या हातातून ग्लास अलगद काढून घेतला, आजारी माणसाच्या हातातून घ्यावा तसा. एक घोट घेतला. कडू, गार. त्यानं दादाकडे बघितलं, दादाच्या मान तिरकी करून उभं राहण्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. वहिनीला वाटलं, आता तरी याच्या चेहऱ्यावर दुःख येईल. सख्खा भाऊ आहे. आलं ते दुःख नव्हतं.

"दादा," तो उठत म्हणाला, "पातळही बुडवूनच बघू. तुझाच नियम."

"बघू की."

धाकट्यानं खोकं उघडल्याचा आवाज केला. पातळ रेडिएटर काढला आणि तसाच गिऱ्हाइकाच्या हातात दिला, त्यालाही बोटानं गप्प केलं. मग हवेचा मोकळा पाइप टाकीत सोडला आणि कॉक फिरवला. रिकाम्या टाकीत, नुसत्या पाण्यात, बुडबुडे भदाभदा वर यायला लागले.

"अरे, गळतोय की हा!" धाकटा म्हणाला. "दादा, कितवी नळी?"

दादा टाकीवर वाकला. कान बादलीकडे लावून थांबला.

ग्लास धाकट्याच्या हातात होता. पण वहिनीचा आवाज तर तिच्याकडेच होता. 'अहो, टाकी रिकामी आहे,' चार शब्द. ते तिच्या जिभेवर आले होते. त्याच वेळी तिला गेल्या महिन्यातली, डाग द्यायच्या गॅसची ज्योत दिसली. दादाच्या शर्टाची बाही पेटली होती आणि त्याला दिसली नव्हती, वास आला तेव्हा कळलं. तिनं टाकीतलंच पाणी ओतलं. "बाहीच होती," तो म्हणाला होता, "आरडाओरडा कशाला?" आज कळू दे सगळ्यांना, तिला वाटलं. आज संपू दे. त्या वाटण्याच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, बटणांएवढं बारीक, ते तिनं उचलून बघितलं नाही. ती गप्प बसली.

दादा थांबला, थांबला. चमचा वाजला नाही.

"तिसरी," तो शेवटी म्हणाला. "वरून चार बोटं."

"नक्की?"

"मला विचारतोस? तिसरीच."

"हात घालून दाखव ना यांना. कळू दे."

दादानं हात पाण्यात घातला. मनगट बुडालं. कोपर बुडालं. हात इकडेतिकडे फिरला, तळाला लागला, भिंतीला लागला. बोटांना पाइपचं मोकळं टोक सापडलं, त्यातून सुटणारी हवा तळव्यावर आपटत राहिली. त्यानं हात लगेच बाहेर काढला नाही.

"डोळे आहेत की बटणं, दादा?" धाकटा हळूच म्हणाला. त्यात ओरडणं नव्हतं. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेली वस्तू तो जागेवर ठेवत होता.

गिऱ्हाईक एकदा हसलं, मग न हसल्यासारखं करून मोबाइल बघायला लागलं. मग हातातला पातळ रेडिएटर खोक्यात परत ठेवत म्हणालं, "जाडच टाकू. तुमचंच बरोबर असेल." हे धाकट्याला.

"पण वाऱ्याचं मी सांगितलं ते..." दादा म्हणाला.

"हो हो काका. तुम्ही जपा."

खोकी उचलली गेली. दादाची बाही खांद्यापर्यंत ओली होती, पाणी कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं. गाडी ओढणारा टेम्पो सुरू झाल्यावर तो त्याच्या आवाजाच्या दिशेनं म्हणाला, "साहेब, फटी तेवढ्या बंद करून घ्या." त्या टेम्पोच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार?

रविवारी ती गाडी पुन्हा सहाव्या फेरीलाच उकळली. शेजारचा बॅटरीवाला शर्यत बघायला गेला होता, त्यानं सांगितलं. "तुमचं बरोबर होतं दादा." सांगितलं, पण स्वतःच्या टेम्पोचा रेडिएटर त्यानं त्याच आठवड्यात दुसरीकडे नेला. त्यात त्याचीही चूक नाही. रिकाम्या टाकीची गोष्ट गल्लीच्या टोकापर्यंत त्याच संध्याकाळी पोचली होती, आणि लोकांना ती वाऱ्याच्या गोष्टीपेक्षा सोपी वाटली. पोरं येऊन दारातून विचारायची, "दादा, कितवी नळी?" महिन्याभरात वहिनीनं टाकीचं बूच ओढलं. पाणी गटारात गेलं, तळाशी डाग देताना सांडलेले कथलाचे गोळे उरले. बादली तिनं उलटून सरळ केली आणि तीत ते भरले.

दादानं तिला कधीच काही विचारलं नाही. विचारलंच, तर सांगायला तिनं एक खोटं तयार ठेवलं होतं.

आता तो दिवसभर घरात असतो. दुपारी ती दोन ग्लास चहा करते. त्याचा साखरेचा, तिचा बिनसाखरेचा. दोघं खिडकीपाशी समोरासमोर बसतात. तो मान तिरकी करून, कान तिच्याकडे लावून बसतो आणि ग्लासाला हात लावत नाही. ती चमचा मुठीत घट्ट धरून बसते, चुकूनही कशाला लागू नये म्हणून. चहावर साय धरते. मग तो म्हणतो, "गार झाला वाटतं," आणि पिऊन टाकतो.