शेवटची रांग

"मामा, खरं सांगा, या रांगेवर औषधबिवषध नाही ना फवारलंत?" संशोधक बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो मॅडम. साधं नळाचं पाणी," काचघराचा माळी म्हणाला.

अठ्ठावीस वर्षं तो इथली रोपं सांभाळत होता. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामा म्हणत. एवढे भाचे असूनही त्याच्या घरी कोणी कधी फिरकलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बाईंनी निकालाचा कागद टेबलावर टाकला. "अळीनं पान कुरतडलं की झाड आत एक हार्मोन तयार करतं. बचावाची जनुकं चालू करणारं प्रोटीन पानात आधीपासून असतंच, पण एरवी दुसऱ्या प्रोटीननं त्याला धरून ठेवलेलं असतं. हार्मोन आला की धरणारं नष्ट होतं. हे मोकळं सुटतं, जनुकं कामाला लागतात, पान अळीला पचेनासं होतं."

"हुशार आहे की!"

"आहेच. पण तुलनेसाठी ठेवलेल्या या शेवटच्या रांगेला आपण अळी शिवूसुद्धा दिली नाही, आणि हिचीही जनुकं चालू! संचालक सरांच्या मते मीच नमुने मिसळले. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर प्रयोग बंद. दोन वर्षं पाण्यात गेली, मामा."

बाई डोळे पुसत आपल्या खोलीत गेल्या. मामा रांगेपुढे उभा राहिला.

शेवटच्या रांगेची त्याला पहिल्यापासून दया यायची. अळ्यांच्या रांगांभोवती दिवसभर भिंगं घेतलेली माणसं असत. हिला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून तो दुपारचा डबा खाऊन हात धुवायचा आणि एकेका रोपाच्या पानांवरून तळवा फिरवायचा. फिरवता फिरवता बोलायचा. गुडघा दुखतोय, न्हाणीतला दिवा गेलाय, असं काहीबाही. बायको होती तेव्हा हे सगळं तिच्या कानावर जायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता दिवसभरात त्याच्या हाताला लागणारं जिवंत असं ही रांगच होती.

रोपं बुटकी राहिली, तेव्हा त्याला वाटलं, माया कमी पडतेय. मग तो संध्याकाळीही हात फिरवू लागला.

निवृत्तीला चार महिने उरले होते. गप्प बसला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण बाईंचे भरलेले डोळे त्याला दिसत राहिले. तो बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मॅडम, मी हात लावतो त्यांना."

"कोणाला?"

"शेवटच्या रांगेला. रोज. असा, वरून. मारत नाही हो, कुरवाळतो."

बाई पटकन वही उघडून विचारू लागल्या: कधीपासून, किती वेळ, एकेका रोपाला किती वेळा. त्यांचा चेहरा उजळत गेला. "अहो मामा, हेच! नुसत्या स्पर्शानंही तोच हार्मोन वाढतो. वाढ खुंटते, बचाव चालू होतो. माझ्या डोक्यातच आलं नाही!"

"म्हणजे त्यांना माझा हात..."

"झाडाला हात कसला कळतोय? काहीतरी अंगाला लागलं, एवढंच त्याला कळतं. त्याच्या लेखी अळी काय नि तुम्ही काय." बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. मग घाईनं म्हणाल्या, "आपण आता वेगळी रांगच लावू. स्पर्शाची. तुम्ही रोज ठरल्या वेळी हात फिरवायचा. तुमच्याइतकं नेमानं कोण करणार?"

"नको," मामा म्हणाला. "ते दुसऱ्या कोणाला सांगा. मी पाणी घालीन."

त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवणं त्याला जमत नव्हतं. बाई उठून जवळ आल्या. "मामा, तुम्ही आज मला वाचवलंत," असं म्हणून त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

मामा दचकून मागे सरला. हात त्याने छातीशी ओढून घेतला होता.

"लागलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही, नाही." तो ओशाळून हसला. "सवय राहिली नाही, मॅडम."

मग तो काचघरात गेला. लांब नळीची झारी भरून शेवटच्या रांगेपाशी आला. एक हात पाठीमागे ठेवून, पानांना धक्का न लावता, त्याने एकेका कुंडीच्या मातीत पाणी सोडलं. त्या दिवशी तो त्यांच्याशी काही बोलला नाही.