आधी आई बसते

“मावशी, मोजे घालू का नको?”

सकाळपासूनचा हा तिसरा फोन. मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, या बाईला अजून कळायचं होतं. मी म्हटलं, घाला नाहीतर नका घालू, पोरगी काही फोटोत पाय दाखवायला येत नाहीये. ती हसली, आणि पलीकडून कागदावर पेन खरडल्याचा आवाज आला. बाई माझं बोलणं लिहून घेत होती.

तीस वर्षं मी फक्त लहान मुलांचे फोटो काढते. मुलांची मला विशेष आवड नाही आणि म्हणूनच माझं त्यांच्याशी जमतं. मी कुणाचा गालगुच्चा घेत नाही, खुळखुळा वाजवत नाही आणि ‘हस ना बाळा’ तर मुळीच म्हणत नाही. हस म्हटल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते कुणाच्याही लग्नाच्या अल्बममध्ये बघून घ्यावं. फोनवर मी सगळ्यांना तेच ते सांगते. झोप झाल्यावर आणा, पोट भरून आणा. नवा फ्रॉक नको, टोचतो. चार वेळा धुतलेला घाला. घरातलं एखादं मळकं खेळणं बरोबर असू द्या. मोठं माणूस एकच, आत्या-काकांची वरात नको. आणि आठ दिवस आधीपासून ‘फोटो, फोटो’ करून पोराच्या पोटात गोळा आणू नका. लोक हो हो म्हणतात आणि नवा फ्रॉक घालून, वरात घेऊन येतात. ही एकटी आली आणि वेळेवर आली.

डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल. भुवया नव्हत्याच. मनगट एवढं बारीक की घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं राहिलंच नव्हतं. पोरगी तीन वर्षांची, गुबगुबीत, काखेत एका कानाचा ससा. आई तिला ठमी म्हणत होती.

“एकच सांगायचंय,” ती म्हणाली. “फोटोत मी नको. माझा हातसुद्धा नको. असं झाल्यापासून मी कुणाला फोटो काढू दिलेला नाही.”

मी बरं म्हटलं. पण माझी एक पद्धत आहे. मुलाला मी एकदम स्टुलावर बसवत नाही. आधी आई बसते. मी लाइट बघते, एक-दोनदा फ्लॅश उडतो, मूल बाजूला उभं राहून बघत असतं. फ्लॅश उडाला, आईला काही झालं नाही, आई उठली. मग ते आपणहून चढतं, कुणी ढकलावं लागत नाही. हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

“लगेच काढून टाकाल ना?”

“तुमच्यासमोर,” मी म्हटलं. “तो फोटो नसतोच. नुसता लाइट बघायला.”

फोटो नाही म्हटल्यावर ती बसली, आणि काय छान बसली. खांदे सैल सोडलेले, हात मांडीवर. फोटोला म्हणून बसलेला माणूस असा कधी बसत नाही. बाजूने ठमी म्हणाली, “आई, हस ना.” हा शब्द माझ्या स्टुडिओत बंद आहे, पण त्या ठमाबाईंना कोण अडवणार? ती हसली. भुवया नाहीत, रुमाल आहे, हे सगळं विसरून पोरीकडे बघून हसली, आणि मी बटण दाबलं.

कॅमेरा मी तिच्यापुढे धरला. त्या छोट्या पडद्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

“बरा आलाय हो,” ती म्हणाली.

मग तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण ठमी स्टुलावर चढायला लागली होती, आणि मुलाची ती तयारी चार मिनिटं टिकते, पाचव्याला रडं. मी घाई केली. तिच्यादेखत फोटो उडवला आणि वर ऐटीत म्हटलं, “झालं बघा. मी शब्दाची पक्की आहे.” तिने तोंड मिटलं आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

ठमीचे फोटो सुरेख आले. सगळ्यांत ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतेय.

दहा महिन्यांनी ठमीच्या बाबांचा फोन आला. ठमीची आई गेली होती, चार महिने झाले होते. त्यांनी आधी पोरीसाठी दिवस मागितला. मग अडखळत विचारलं की त्या दिवसाचा तिचा एखादा फोटो आहे का. पाठमोरा चालेल, नुसता हात चालेल. घरात आहेत ते सगळे आजाराआधीचे, कमरेएवढ्या वेणीचे. ते दाखवले की ठमी म्हणते, ही कोण बाई आहे, मला निळ्या रुमालाची आई दाखव. तिची आई तेवढीच होती, आणि तेवढीच कुठे नव्हती.

मी म्हटलं, बघते. बघायचं काय होतं? बोट माझंच होतं. तरी कॅमेऱ्यातलं ते कार्ड घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानंतर त्या कार्डावर दोन-तीनशे पोरं येऊन गेली होती. त्याने दोन दिवस खटपट केली. कुणाचा तरी अर्धा गाल निघाला, कुणाची टोपी निघाली. निळं काही निघालं नाही.

ठरल्या दिवशी ते दोघं आले. ठमी उंच झाली होती. सशाला दुसरा कान शिवलेला होता, उलटा. मी बाबांना उभ्याउभ्याच सांगितलं.

“होता. एकच होता. फार चांगला होता. मी काढून टाकला.”

त्यांनी मला चार शब्द सुनवावेत, अशी माझी फार इच्छा होती. त्याऐवजी खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, तिने ठेवलाय, दर वर्षी एकदा ठमीला इथे आणायचं म्हणून. कागदावर माझीच वाक्यं होती, तिच्या अक्षरात. झोप झाल्यावर. पोट भरून. जुना फ्रॉक. मोठं माणूस एकच. शेवटी लिहिलं होतं, मावशी रागावतात, मनावर घेऊ नका.

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला समोर ते स्टूलच होतं. मी लाइट लावले. ठमीला म्हटलं, ये, चढ. ती जागची हलली नाही.

“आधी आई बसते,” ती म्हणाली.

बाबा पुढे झाले आणि स्टुलावर बसायला लागले. तिने त्यांचा शर्ट धरून त्यांना मागे ओढलं.

“बाबा नाही. आई.”

तिच्या आवाजात हट्ट नव्हता. ती आपली मला पद्धत सांगत होती, माझीच. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला, रिकाम्या स्टुलावर लाइट जुळवले, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येतो तिथे नजर धरली आणि बटण दाबलं.

फ्लॅश उडाला. माणसाला स्टुलावरून उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ठमी थांबली. मग ससा काखेत मारून ती चढली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागली.

तो रिकाम्या स्टुलाचा फोटो मी काढून टाकलेला नाही.