झग्याखालची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, वर गोल फळी, बस्स! पण मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एका राजाला उंच केलंय.

सिंहासन घडवून उरलेल्या लाकडातून सुताराने मला बनवलं. म्हणजे आम्ही सख्खी भावंडं! पण त्याला सोन्याचा मुलामा आणि मला नुसतं तेल. त्याच्यापुढे लोक माना झुकवायचे. आणि मी? राजाच्या लांबलचक झग्याखाली! राजघराणं प्रजेला भेटायला राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, तेव्हा बुटका राजा गुपचूप माझ्यावर चढायचा. जयजयकार त्याचा, कळा माझ्या पायांना. जळून जळून माझा कोळसा कसा झाला नाही, देव जाणे.

पण जळणारी मी एकटी नव्हते. राजाची धाकटी बहीण ताडमाड उंच. लोक तिला पाहून टाळ्या वाजवायचे, तेव्हा राजाचे पाय माझ्यावर रागाने थरथरायचे. तो तिच्या उंचीवर जळायचा, ती त्याच्या मुकुटावर. त्यांच्या आईसाहेब दर वेळी मुलीच्या कानाशी कुजबुजायच्या, "वाक गं थोडी. दादापेक्षा उंच दिसू नकोस."

बिचारी वाकायची. झग्याआड गुडघे दुमडून, हसऱ्या तोंडाने.

एके दिवशी मात्र ती वाकलीच नाही.

"वाक!" राजा दातओठ खात म्हणाला.

"नाही वाकणार, दादा. गुडघे आता माझंसुद्धा ऐकत नाहीत."

"आई, सांग ना हिला!"

"लोक बघतायत. आधी हसा दोघं," आईसाहेब प्रजेला हात हलवत म्हणाल्या.

राजा हट्टाने चवड्यांवर उभा राहिला. तीन पायांवर असले लाड चालतात होय? मी कलंडले. राजा कोलमडला. बहिणीने झटकन त्याचा झगा धरला, म्हणून डोकं वाचलं. मी मात्र गडगडत पायऱ्या उतरून थेट प्रजेसमोर!

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर माझा फोटो! सिंहासनाचा कुठेच नाही. काय गारवा वाटला जिवाला! पण तो टिकला नाही. आईसाहेबांनी खापर मुलीवर फोडलं. "तिनेच ढकललं," असं जाहीर केलं. राजाला खरं ठाऊक होतं, तरी तो मूग गिळून बसला. बहिणीने राजवाडा सोडला. जाताना मला काखेत मारून म्हणाली, "चल गं. एवढ्याशा उंचीसाठी वाकले होय मी इतकी वर्षं!"

आता मी तिच्या छोट्या घरात असते. तिला माझी गरज पडत नाही, तेवढं सलतं. राजाकडे नवी तिवई आलीय म्हणे, मखमलीची. मखमल! असो.

परवा राजा आला. एकटा, झग्याविना. बराच वेळ दारातच उभा. बहिणीने चहा ठेवला आणि वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "दादा, साखरेचा डबा काढ बरं." तिचा हात सहज पुरला असता, पण ती हलली नाही. राजाने मला ओढलं आणि तिच्यादेखत वर चढला.

"तू नव्हतं ढकललंस," तो डब्याकडे बघत म्हणाला. "उद्या पायऱ्यांवर उभा राहून सांगणार आहे सगळ्यांना. खालीच उभा राहून."

"सांग. आता हळू उतर, तिवईचा एक पाय ढिला आहे."

मित्रांनो, राजा वर चढलेला असताना पहिल्यांदाच मला कोणी झाकलं नाही. तुम्हालाही उंच व्हायचंय? खुशाल चढा माझ्यावर. फक्त शेजारच्याला वाकायला लावू नका. आणि तेवढा माझ्या पायात एक खिळा ठोका की कोणीतरी!