तिसऱ्या कमानीची काच

गिरणा नदीवरच्या जुन्या दगडी पुलाच्या तिसऱ्या कमानीला केसाएवढी भेग पडली होती. पंडित ओव्हरसियरांनी तिच्यावर काचेची एक पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके चुन्यात पक्की केली होती. दगड हलला तर काच तडकेल. एवढा विशाल पूल आपले दुखणे त्या वीतभर काचेकडेच बोलणार होता. राखणदार तोतारामने रोज शिडी लावून ती पाहायची आणि दर आठवड्याला कळवायचे. तीन महिने एकच निरोप येत राहिला : काच शाबूत. त्याच भरवशावर पंडितांनी भडगावच्या जिनिंग कारखान्याचा बॉयलर पुलावरून नेण्याच्या परवानगीवर सही केली होती.

बॉयलर घेऊन मालमोटार आज दुपारी यायची होती. सकाळी पंडित स्वतः शिडी चढले. काच खरोखरच शाबूत होती, नितळ आणि निरागस. मात्र कडेच्या चुन्याला नख लागले, आणि ते आत रुतले. तीन महिन्यांचा चुना इतका ओला कसा असेल? 

खाली उतरून त्यांनी तोतारामला विचारले. त्याने न संकोचता, किंचित अभिमानानेच सांगितले,

"साहेब, फुटेल काच तुमले कशी दखाडू? मनी राखण शे ना. तीनदाव फुटनी, तीनदाव नवी बसाडी."

फुटलेली काच साहेबांना दाखवायची कशी, म्हणून तिन्ही वेळा त्याने नवी बसवली होती; काच सांभाळायची म्हणजे ती फुटकी दिसू द्यायची नाही, एवढेच त्याला उमगले होते. आणि तिच्या फुटण्याचा अर्थ त्याला सांगायचे पंडितांनाच सुचले नव्हते. त्यांना रागावायलाही जागा उरली नाही.

दुपारी दूरवर धूळ उठली. पंडितांनी तोतारामकडून एक बैलगाडी पुलाच्या तोंडाशी रस्त्यात आडवी लावून घेतली. मोटार थांबली. ड्रायव्हर जीवराम कागद फडकावत उतरला आणि म्हणाला, की जिनिंगवाले खोळंबले आहेत, शिवाय परवानगी साहेबांचीच आहे. आता साहेबच साहेबांना अडवणार काय?

पंडितांनी कागद हातात घेतला. सही ठसठशीत होती, निश्चिंत माणसाची.

"सही माझीच आहे," ते म्हणाले, "पण ती चुकीची आहे. मोटार मागे घ्या."

जीवराम पुन्हा मोटारीत चढला. मग त्याने मोटार मागे घेतली. पंडितांनी कागदावर आडवी रेघ मारली, खाली कारण लिहिले आणि त्याखाली पुन्हा सही केली.